पाच नव्हे, सात शहाळी

ओहोइवाइत
रविवार, १२ ऑक्टोबर

पास्कालदादा,

शुक्रवारच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली आहे. चुकून नाही, मुद्दाम. आपल्या नुहूमास बेटावरची शहाळी बेल्जियमच्या योरिसने काढली, असं मी लिहिलं. योरिसला माडावर दोन हातसुद्धा चढता येत नाही. शहाळी मी काढली. आणि पाच नव्हे, सात.

ते पत्र अजून माझ्याजवळच आहे. सोरोंगचं जहाज येत्या शुक्रवारी सुटणार, तेव्हा जुनं फाडून नवं लिहिता आलं असतं. पण तूच शिकवलंस, चूक पुसायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. आपण ओल्या वाळूवर अक्षरं गिरवायचो तेव्हा मला तो नियम वेडेपणाचा वाटायचा. भरती आली की सगळं पुसलंच जाणार, मग खोडायचं कशाला? तू म्हणायचास, समुद्राने पुसलं तर ते त्याचं काम, आपण पुसलं तर ती लबाडी. म्हणून दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालते. आधी हे वाच.

मी काय मोडलं ते माझ्या हाताने नीट लिहिलेलं असावं, म्हणून तुला माहीत असलेलंच लिहिते. चार वर्षांपूर्वी तू नुहूमासच्या वाटेवर दोन खुंट रोवलेस आणि त्यांच्यामध्ये कोवळ्या झावळीची खूण बांधलीस. बाबा ते बेट हॉटेलवाल्यांना द्यायला निघाले होते म्हणून. त्या दिवसापासून तिथल्या नारळाला कुणी हात लावायचा नाही, खाली पडलेल्यालासुद्धा नाही. बांधली त्यानेच सोडायची. कुणी मोडली तर गावातल्या जाणत्यांसमोर बसायचं, आणि दंड बांधणाऱ्याने स्वतः समोर येऊन सांगायचा. तू बांधलीस आणि सोरोंगला गेलास. फोनवर बाबांचा नंबर बंद केलास, मग माझाही केलास. हॉटेलवाले त्याच वर्षी दुसऱ्या बेटाकडे वळले, पण तू परत आला नाहीस आणि बाबांनी 'ये' म्हटलं नाही.

आता बुधवार.

तुझ्या खोलीत सध्या मकास्सरची एक नर्स उतरली आहे, दार्मा. (खोली आम्ही प्रवाशांना देतो. तुझ्या पुस्तकांची फळी तशीच आहे.) वर्षातून दोन महिने पाठीवर सॅक टाकून बेटं हिंडायची आणि पाय ठेवला त्या प्रत्येक बेटाचा एक रंगीत दोरा सॅकला बांधायचा, अशी तिची रीत. सकाळी एनबालची, कसाव्याची भाकरी खाताना तिने विचारलं, आपल्या अंगणातून दिसतात त्यातल्या किती बेटांवर तू गेली आहेस? मी मोजून सांगितलं, चार. त्यातल्या दोनवर लग्नांना.

"मग आज स्वतःच्या गावची पाहुणी हो," ती म्हणाली. "बोनेमामाची होडी ठरवली आहे. अजून दोघं आहेत, चौथी तू."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबाच म्हणाले, जाऊ दे तिला. मग मी तुझी कॅनव्हासची सॅक काढली आणि भरली. दोन विजेऱ्या, सुईदोरा, पोटदुखीची गोळी, तापाची गोळी, दोन्ही गोळ्या कुठली कशाची हे लिहिलेला कागद, छत्री, आणि माझी भरती-ओहोटीची वही. बोनेमामाने सॅक उचलून पाहिली आणि विचारलं, "सिना, परत येणार आहेस ना?"

बाकीचे दोघं म्हणजे योरिस, ताडासारखा उंच आणि खांद्यांवर भाजलेल्या खेकड्यासारखा लाल, आणि सेमारांगचा बगुस. बगुस शाळेत भूगोल शिकवतो आणि त्याला होडी लागते.

पहिला तास मी काहीच पाहिलं नाही, कारण मी सगळ्यांची डोकी मोजत होते. वाळूच्या लांब दांड्यावर पोहोचलो तर टोकाला पेलिकन बसलेले, चाळीसेक तरी, चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारखे हनुवट्या छातीला लावून. आपण लहानपणी दांड्याच्या अलीकडच्या टोकावर खेळायचो, पलीकडच्या टोकाला कधी गेलोच नाही. का नाही गेलो रे? पाऊण तासाची तर वाट आहे.

तिथून समोरच्या गावाचा ओरडा ऐकू आला. त्यांची मासे ओढायची पाळी होती. झावळ्यांचा दोर एवढा लांब की त्याचं दुसरं टोक धरलेली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. ओहोटी नुकती लागलेली, पाणी छातीइतकं. कुणी न विचारता आमच्या हातात दोर दिला. झावळ्यांच्या सावलीला भिऊन मासे आत आत जातात हे मी बगुसला समजावून सांगत होते, तेवढ्यात तो खड्ड्यात दिसेनासा झाला आणि दोर न सोडता वर आला. योरिसवर एक आजी डाफरली, "ए डोलकाठी, पाय जुळव. अर्धे मासे तुझ्या तंगड्यांमधून घरी चालले." मी भाषांतर केलं. त्याने पाय जुळवले आणि आपटला. दादा, एवढी हसले की पोटात दुखायला लागलं, आणि गोळी सॅकमध्ये आहे हे आठवून आणखी हसले.

ओढला त्याला वाटा, म्हणून आम्हालाही पाच मोठे मासे मिळाले.

इथवर शुक्रवारच्या पत्रात सगळं खरं आहे. पुढचं नाही.

होडी अडकली ती "मशीन बिघडल्यामुळे" नाही. दुपारी निघताना बोनेमामाने विचारलं, पाणी कधी पुरतं उतरेल? मी वही उघडून सांगितलं, पाच वाजता. ते पान सप्टेंबरचं होतं. मामाला आतून कळलं असणार. चाळीस वर्षं तो या पाण्यात आहे, आणि ऑक्टोबरच्या पौर्णिमेची ओहोटी काय असते हे आपल्याकडे रांगतं मूलही सांगेल. पण बाबा शाळेचे मास्तर, आणि मास्तरांच्या मुलीच्या वहीत लिहिलं आहे म्हणून तो गप्प बसला, आणि मामा गप्प आहे म्हणजे आपलं बरोबरच, असं म्हणून मी. याच केई बेटांवर वाढलेले दोघं एका होडीत, आणि दोघांनीही पाण्याकडे पाहिलं नाही.

तळ खरवडल्याचा आवाज आला. मग होडी म्हैस बसते तशी सावकाश एका कुशीवर बसली, आणि पिण्याच्या पाण्याचं पिंप कलंडलं. झाकण मी लावलं नव्हतं. अर्ध्या तासात नजर पोहोचेल तिथवर ओली वाळू, शेवाळ आणि प्रवाळ. बगुस कठड्यावर उभा राहिला, कपाळावर हात धरून चारी दिशांना बघितलं आणि मला म्हणाला, "बाई, समुद्र कुठे ठेवलात?"

मी माफी मागितली. मग पुन्हा मागितली. दार्मा मोजत होती. "अकरा," ती म्हणाली. "बाराव्यांदा मागितलीस तर तुझा एनबाल मी खाणार."

पाणी परत यायला संध्याकाळ होणार होती, आणि डोक्यावर ऊन. सगळ्यात जवळची सावली म्हणजे नुहूमास, अर्ध्या तासाची चाल. मी म्हटलं, नको, होडीच्याच सावलीत बसू. का नको, ते सांगितलं नाही. दार्माने बगुसचे डोळे आणि जीभ तपासली. सकाळपासून त्याच्या पोटात काही ठरलं नव्हतं. "याला पाणी लागेल," ती म्हणाली. तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

म्हणून चाललो. आणि दादा, इथे मला लाज वाटायला हवी, पण तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर होता. समुद्राच्या तळावरून, पाठीवर ओझं घेऊन, एका रांगेत. डबक्यांमध्ये निळे तारामासे. एक ऑक्टोपस योरिसच्या बुटाच्या नाडीला लोंबकळला, तर तो त्याच्याशी फ्रेंचमध्ये अदबीने बोलायला लागला. दार्मा तिच्या गावचं गाणं म्हणत होती आणि बगुस, ओठ सुकलेले, तरी चुकीच्या जागी साथ देत होता. आणि मी धावले. काही कारण नसताना. सॅकमधल्या विजेऱ्या एकमेकींवर आपटत होत्या आणि मी धावत होते.

मग तुझे खुंट दिसले.

योरिसने झावळीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, सजावट. (हे खोटं क्रमांक दोन. नंतर त्यांना खरं सांगितलं.) बोनेमामाने खुंटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पाठ फिरवून वाळूवर बसला. "मला आता काही दिसायचं नाही," म्हणाला. "माझे डोळे ओहोटीबरोबर गेलेत."

मी खूण तोडली नाही. लहानपणी कुंपणाखालून जायचो तशी वाकून खालून गेले. मोडली ती मोडलीच, पण तुला नेमकं माहीत असावं. कोयता मामाचा होता. त्याने तो न बघता मागे सरकवला होता.

वर चढताना पाय आपोआप पडत गेले, तू शिकवले होतेस तसे. पहिलं शहाळं बगुसला. तो अर्ध्यावर थांबला आणि म्हणाला, यापुढे मी भूगोल नीट शिकवीन. मग बाकीच्या तिघांना. पाचवं मला. सहावं पुन्हा बगुसला, दार्माच्या हुकमावरून. चूल मी समुद्राने आणून टाकलेल्या लाकडांवरच पेटवली. झावळीची काडीसुद्धा घेतली नाही. सहा शहाळी फोडून झाल्यावर एवढं सोवळं. मामा हसून हसून लोळला. मासे खाल्ले, बोटं चाटली, आणि चौघंही झोपले. मी झोपले नाही.

सातव्याचं पुढच्या पत्रात. आज इथेच थांबते.

सिना


मंगळवार, १४ ऑक्टोबर

दादा,

सातवं शहाळं कुणालाच तहान नसताना काढलं. सगळे झोपल्यावर, पुन्हा वाकून आत जाऊन, पुन्हा चढून. काढलं आणि सॅकमध्ये ठेवलं. बाबांसाठी. चार वर्षं त्यांनी आपल्या माडाचं पाणी चाखलेलं नाही. दुसऱ्या कुणाच्या माडाचंही नाही. चर्चच्या जेवणात शहाळं आलं तरी पुढे सरकवतात.

आणि खरं लिहायचं तर वर असताना मनात आलं, सहा तहानेपायी होती. त्यांच्यासाठी जाणते मला ओरडून सोडून देतील, तुला बोलावणारही नाहीत. सातव्याला मात्र सबब नाही. सातव्यासाठी तुला यावंच लागेल. हे मनात आल्यावरही मी खाली उतरले नाही. देठ कापला.

आता जे दोन्ही पत्रांत लपवलं ते.

झावळी ताजी होती.

पहिल्यांदा वाकले तेव्हा ती मानेला लागली, ओली आणि मऊ. चार वर्षांपूर्वीची झावळी कधीच कुजून माती झाली असती. ही फार तर एक-दोन दिवसांची होती, अजून पिवळी. खुंटही नवे होते, टोकं तासलेली. गाठ तुझीच, उलटी, डावखुऱ्याची. मला वाटलं, तू आलास. मला न भेटता आलास आणि गेलास. माडावर चढताना मी रडत होते ते भीतीने नाही, याचसाठी. खाली सगळ्यांना वाटलं, घाम आहे.

संध्याकाळी पाणी गुडघ्याएवढं झालं तेव्हा एक छोटी होडी आली. बाबा. एकटे, वल्हं मारत. अंधार पडायला आला तरी आम्ही परतलो नाही म्हणून शोधायला निघाले, असं शुक्रवारच्या पत्रात लिहिलं आहे आणि ते खरं आहे. पण ते दुसऱ्या कुठल्या बेटावर गेले नाहीत. थेट इथे आले, आणि प्रवाळातल्या त्या अरुंद फटीतून, जिथून सवय असल्याशिवाय कुणी होडी घालणार नाही.

मी बोनेमामाकडे पाहिलं. त्याचे डोळे परत आले होते.

"बघतेस काय," तो हळूच म्हणाला. "दर पौर्णिमेला येतो तो. कोवळी झावळी घेऊन. मला म्हणाला, कुणाला बोललास तर होडीला भोक पाडीन."

चार वर्षं, दादा. तू त्यांच्याविरुद्ध बांधलेली खूण त्यांनीच जपली. तुझी ती डावरी गाठसुद्धा शिकून घेतली. हे मला ठाऊक नव्हतं आणि तुलाही नसणार, नाहीतर तू त्यांचा नंबर बंद केला नसतास. ते उद्या रागावतील की मी तुला कळवलं. रागावू देत.

बाबांनी करवंट्या पाहिल्या. सहा, एका ओळीत. मी नीट लावून ठेवल्या होत्या, लपवणं बरोबर वाटेना. दार्मा पुढे झाली आणि म्हणाली, चूक माझी, मी पाणी मागितलं. बगुस म्हणाला, नाही, माझी. योरिसला काही कळत नव्हतं तरी त्यानेही हात वर केला. एका दिवसाची ओळख, आणि तिघं माझ्यापुढे उभे. मी त्यांच्यामधून वाट काढून पुढे गेले आणि म्हटलं, बाबा, मी काढली. सात.

त्यांनी वर माडांकडे पाहिलं. शुक्रवारच्या पत्रात लिहिलं आहे की ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले.

"गोड होतं का?"

मी म्हटलं, हो.

मग ते होडी धरायला पाण्यात उतरले. परतताना आमची होडी पुढे आणि बाबांची दोराने मागे बांधलेली. बगुस या वेळी ओकला नाही. मागून बाबा काहीतरी गुणगुणत होते. मला ओळखू येईना, पण दार्मा मागे वळून म्हणाली, हे माझंच गाणं, सकाळी अंगणात ऐकलं असेल यांनी. चाल मात्र पार बिघडवली आहे.

सिना


गुरुवार, १६ ऑक्टोबर

पास्कालदादा,

हे शेवटचं, आणि छोटं. दार्मा उद्याच्या जहाजाने सोरोंगला जाते आहे, पुढची बेटं हिंडायला. पाकीट तिच्याकडे देते. तिथल्या जेट्टीवरच्या होडी-कारखान्यात तुला शोधते म्हणाली. तिच्यापुढे खोटं बोलू नकोस, ती जीभ तपासते. तिने माझ्या, म्हणजे तुझ्या, सॅकला एक हिरवा दोरा बांधला आहे. नुहूमासचा. मी म्हटलं, तिथे तर माझं बालपण गेलं, तो कसा मोजायचा? ती म्हणाली, बुधवारी तू तिथे पहिल्यांदाच गेलीस.

काल रात्रीच्या जेवणाआधी मी सातवं शहाळं बाबांसमोर ठेवलं. त्यांनी ते कानाशी धरून हलवलं, सालीवर अंगठा फिरवला. मला वाटलं, कोयता मागतील. पण उठले आणि तुझ्या फळीवर, पुस्तकांच्या शेजारी ठेवून आले.

"ज्याची खूण आहे, त्यानेच उघडावं," एवढंच म्हणाले. मग दाराशी थांबून, "लवकर आला तर बरं. शहाळं फार दिवस राहत नाही."

'लवकर आला तर' हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी एकही अक्षर घातलेलं नाही.

आज सकाळी मी गावप्रमुखांकडे जाऊन आले. नऊ वेळा उंबऱ्यापर्यंत जाऊन परतले, दहाव्यांदा आत गेले. सगळं सांगितलं, सातव्याचं वेगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, बांधणारा येईल का? मी म्हटलं, ते त्याचं त्याला ठरवू दे. मी माझं ठरवलं आहे. हे वाक्य मी बोलले, मी. बोनेमामाला सांगितलं तर तो म्हणाला, "वहीत लिहून ठेव, पण महिना बघून."

तर महिना बघून लिहिते. सोरोंगहून जहाज रविवारी, २६ तारखेला इथल्या धक्क्याला लागतं. बाबा धक्क्यावर जाणार नाहीत; पण परवापासून ते होडीला रंग लावत आहेत आणि रविवारपर्यंत वाळायला हवा म्हणत आहेत. तू आलास तर दंड तू सांग. कितीही मोठा सांग, पण त्यांच्या शेजारी बसून सांग. नाही आलास तरी मी जाणत्यांसमोर उभी राहणार आणि सात मोजून दाखवणार. त्या दिवशी ओहोटी किती वाजता, ते मी सांगत नाही, बाबांना विचार.

जाणत्यांची बैठक: सोमवार, २७ ऑक्टोबर. सकाळी नऊ.

तुझी
सिना